लाडोची पाठवणी

आधीच सांगते, माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला आजवर जमलेलं नाही. आरमोरीच्या शाळेत मी चौथी पास झाले. त्यानंतर हातात लेखणी कमी आली आणि पिंजऱ्याची कडी जास्त. चुकलं असेल तिथे वाचणाऱ्याने मनातल्या मनात सुधारून घ्यावं. मला सांगू नये, मी लाजते.

त्या वर्षी मार्कंड्याची जत्रा तोंडावर आली आणि आमची लाडो खात नव्हती. दिवाळीनंतर तिने घास घेतला नव्हता. जत्रेत सर्कसचा मॅनेजर येणार होता. लाडोने त्याच्यासमोर खाल्लं तर तो तिला विकत घेणार, नाही तर नाही, असं ठरलेलं होतं. आणि ती विकली गेली तरच सुलेमान चाचांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होणार होतं.

लाडो म्हणजे अजगर. मादी. सुलेमान चाचा चांद्याचे. जनावरांचा तंबू घेऊन ते जत्रा आणि बाजार फिरत. तंबूत एक माकडीण, एक साळिंदर, दोन-तीन धामणी आणि लाडो. लाडो मनगटाएवढी होती तेव्हा सिरोंचाकडच्या एका लाकूडतोड्याकडून चाचांनी ती घेतली होती. आता तिला उचलायला दोन माणसं कमी पडत. चाचांना मूलबाळ नव्हतं. चाची वारल्या होत्या. लाडो हे नाव चाचींनीच ठेवलेलं.

दारात ढोल वाजवून लोकांना आत बोलवायचं काम माझ्या नवऱ्याचं होतं. तो हिवतापात गेला. सासरच्यांनी मला बोलावलं नाही आणि माहेरी भावाचीच ओढाताण होती. चाचा म्हणाले, "पारबती, ढोल तुले वाजवता येनार नाई. पन जनावराले खाऊ घालता येते का?"

मी मान हलवली.

"मंग राहा. पगार देईन."

लोक बोलले. हिंदूची विधवा मुसलमानाच्या तंबूत, म्हणाले. दोन जत्रा बोलले, मग त्यांना दुसरं कोणीतरी सापडलं.

मला चार माणसांपुढे उभं राहता येत नाही. त्यामुळे पडद्यामागचं काम मला बरं वाटलं. माकडिणीला चणे-फुटाणे, धामणींना उंदीर-बेडूक, आणि लाडोला महिन्यातून एखादा कोंबडा किंवा ससा. अजगर चावून खात नाही, अख्खं गिळतो. गिळलेलं पोटात मुरायला आठ-दहा दिवस लागतात. हाडंसुद्धा विरघळतात. शेवटी पिसांचा थोडा गाळ आणि खडूसारखा पांढरा गोळा बाहेर पडतो. तो गोळा दिसला की समजायचं, पोट बरं आहे.

पण ते मुरायला ऊब लागते. आपलं अंग आपोआप गरम राहतं, सापाचं तसं नाही. उन्हात असला की गरम, सावलीत असला की थंड. अंग थंड असेल तर पोटातलं मुरत नाही, आत सडतं. मग साप ते ओकून टाकतो. आणि खाल्लेल्या सापाला कोणी उचललं, हलवलं, घाबरवलं तरी तो ओकतो. पळायचं तर पोट हलकं पाहिजे, म्हणून. गिळताना कोंबडा डोक्याकडून जातो, पिसं त्याच्या अंगाला चिकटून बसतात. ओकताना मात्र सगळं उलटं येतं.

हे सगळं मला चाचांनीच शिकवलं होतं.

चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकाने काहीच दिसत नव्हतं, दुसऱ्याने उजेड-अंधार कळे आणि माणूस सावलीसारखा दिसे. नागपूरच्या डॉक्टरने सांगितलं होतं, ऑपरेशन केलं तर एक डोळा तरी येईल, पण उशीर करू नका. त्या पावसाळ्यात तंबूचं कापडही कुजून गेलं. विकण्यासारखं चाचांजवळ एकच होतं.

कार्तिकात सर्कस चांद्याला आली तेव्हा मॅनेजर लाडोला पाहून गेला. त्याने इसार दिला, म्हणजे सौदा पक्का राहावा म्हणून आधी द्यायची रक्कम. ती नव्या कापडात गेली. बाकीची रक्कम लाडो सर्कसच्या तंबूत पोचली की मिळणार होती. त्यात ऑपरेशन. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने सरळ सांगितलं होतं, "चाचा, मागे मी एक अजगर असाच घेतला. दिसायला झकास. महिने गेले, त्याने काही खाल्लं नाही आणि आमच्या हातात मेला. मालकाने मला धारेवर धरलं. आता खाताना बघितल्याशिवाय मी साप घेत नाही."

बैल घेताना दात बघतात, तशी सापाच्या धंद्यातली ही रीत. तिच्यात खोट काढण्यासारखं काही नाही.

जत्रेच्या आधी आम्ही वैनगंगेच्या काठावर तंबू लावला. शेजारी मारोती गारुड्याचं पाल होतं. तो नाग दाखवी. महाशिवरात्रीला शंकराच्या दर्शनाला आलेले लोक नागाला दूध पाजायला त्याच्यापुढे रांग लावत.

चाचा रोज सकाळी बाजेवरूनच विचारत, "खाल्लं काय वो बाई?"

"नाई चाचा. उंदीर ठेवला होता, तो तिच्याच अंगावर बसून राह्यला."

"मंग त्याले टिकीट लाव," मारोती पलीकडून ओरडला. "उंदराची अजगरावर सवारी!"

"तू आपले नाग पाय, मारोत्या."

"चाचा, खरं सांगतो. दूध पाजा. पोट साफ झालं की भूक लागते."

"तुया नागायनं पेलं ना दूध मागच्या साली? कुठी हायेत ते?"

मागच्या सालचे त्याचे नाग राहिले नव्हते. साप आपल्या मनाने दूध पीत नाही. जत्रेआधी त्याला बरेच दिवस पाण्यावाचून ठेवतात. मग तहानेने तो वाटीत तोंड घालतो आणि लोक हात जोडतात. ते दूध त्याला पचत नाही. पोट बिघडतं, पातळ होतं आणि काही दिवसांत तो मरतो. मारोती दर जत्रेला नवे नाग धरून आणी.

थोड्या वेळाने मारोती जवळ येऊन बसला. हळू आवाजात म्हणाला, "दूध नाई तं नाई. बांबूच्या नळीनं मटन सरकवून द्या ना आतमंधी. मॅनेजरच्या पुढं एकडाव गिळल्यासारखं दिसलं म्हंजे झालं. मंग जगो का मरो, तुमचं काय जाते?"

चाचा चिडले नाहीत. हसले. "पोरीले सासरी धाडताना तिच्या तोंडात कोंबून खाऊ घालतेत काय रे?"

मी ते पडद्याआडून ऐकलं आणि मला बरं वाटलं. थंडी होती म्हणून ती खात नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. दर थंडीत ती असंच करी आणि होळीनंतर ऊन तापलं की आपणच खाई. पण जत्रा होळीच्या आधी येते. सर्कस जत्रेनंतर आगगाडीने हैदराबादेकडे जाणार होती. ऊन काही सर्कससाठी लवकर तापणार नव्हतं.

मग मी ऊब द्यायला लागले. मडक्यात गरम पाणी भरायचं, मडकं गोणपाटात गुंडाळायचं आणि पेटीच्या एका कोपऱ्यात ठेवायचं. एकाच कोपऱ्यात, म्हणजे तिला नको असेल तर बाजूला सरकता येतं. खाली धानाची तणस, म्हणजे पेंढा. दुपारी उन्हात पेटीचं झाकण उघडायचं. एका दुपारी अशीच पेटी उघडली तर तिचे डोळे मला वेगळे दिसले. निळसर, दुधाळ, जणू कोणी साय पसरली आहे. अंगावरचे ठिपकेही मळके झाले होते.

"चाचा, लाडोचे डोळे पांढरे झाले."

चाचा चाचपडत आले. "माह्यासारखे?"

"तुमच्यासारखेच."

"मंग कात टाकते ती!" चाचांनी मांडीवर थाप मारली. "म्हनून बी खाऊन नाई राह्यली. कात येते तवा सापाले दिसत नाई. ज्याले दिसत नाई त्याले खायाची भीती वाटते. मले नाई का ताटातल्या मिरचीची भीती वाटत?"

"आता?"

"आता काई नाई. कात उतरली की डोळेई उतरतेत. तिचे फुकटात, आन् मले नागपूरचा डॉक्टर लागते." आणि ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

कोमट पाण्यात गोणपाट भिजवून मी पेटीत ठेवत गेले. एकदा मोठ्या घंगाळात कोमट पाणी घालून, मारोतीला हाताशी घेऊन तिला त्यात बसवलं. ती बराच वेळ पाणी प्यायली. जबडा थोडा थोडा हले, त्यावरूनच ते कळे. काही दिवसांनी तिचे डोळे पुन्हा साफ दिसायला लागले. आणखी थोडे दिवस गेले आणि तिने पेटीच्या फळीला नाक घासलं, ओठाकडची कात सुटली आणि पायमोजा उलटा काढावा तशी ती सगळी कातीतून बाहेर आली. कात एकसंध निघाली. कुठे तुकडा अडकला नाही. नवं अंग इतकं चकचकीत होतं की मी हात मागे घेतला. मळेल वाटलं.

सापाला पापणी नसते. डोळ्यावर काचेसारखं एक झाकण असतं आणि कातीबरोबर तेही निघतं. चाचांनी कात हातात घेतली आणि बोटांनी चाचपत तोंडाकडे गेले. दोन्ही डोळ्यांची झाकणं जागच्या जागी होती. चाचांनी त्यांच्यावर अंगठा फिरवला.

"पाय, उजेडाच्या मंधात एवढंच रायते," ते म्हणाले. "एवढंसंच."

महाशिवरात्रीच्या दिवशी मॅनेजर आला. ऊन चांगलं पडलं होतं. नदीच्या वाळूवर माणूसच माणूस. मी सकाळपासून पेटी उन्हात ठेवली होती. मॅनेजर स्टुलावर बसला, चाचा त्याच्याजवळ उभे. मी कोंबडा सोडला आणि पडद्यामागे गेले. फटीतून बघत होते. हात जोडलेले होते की नाही ते आठवत नाही. जोडलेले असतील.

लाडो आधी हलली नाही. मग तिची जीभ बाहेर आली. मग पुन्हा. मान हळूच मागे गेली. आणि झालं. कोंबड्याचा पाय हलला तोपर्यंत ती त्याच्याभोवती दोन वेढे घालून बसली होती. पुढचं सगळं सावकाश. डोकं शोधलं, जबडा सैल केला आणि ती कोंबड्यावरून स्वतःलाच चढवत गेली.

"खाते?" चाचा विचारत होते. "बाई, खाते काय?"

"खाते, चाचा."

"कुठपर्यंत गेला?"

"पंखापर्यंत."

"आता?"

"आता पाय दिसतेत फकस्त."

मॅनेजरने चाचांचा हात धरला. "सौदा पक्का, चाचा. अहो, काय जनावर आहे!"

चाचांच्या त्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांच्या डोळ्यांतून एरवीही पाणी येई, त्यामुळे कोणाला कळलं नाही.

मी पडदा सारून बाहेर आले. मॅनेजरकडे न बघता म्हणाले, "साहेब, आता आठ-दहा दिवस तिले हात लावू नका."

"आठ दिवस? अगं बाई, आमची गाडी ठरली आहे. आज संध्याकाळी निघायलाच हवं. मूल गावापर्यंत बैलबंडी, पुढे आगगाडी."

"मंग पेटीतनं काढू नका. मडकं गरम ठेवा. पेटीले धक्के बसू देऊ नका."

"हे जमेल," तो म्हणाला. "पेटीतच राहील. मी स्वतः बरोबर आहे. तुम्हीही दोघं चांद्यापर्यंत चला, तिथे तिची पेटी उतरली की बाकीचे पैसे मोजून घ्या." आणि तो मार्कंडेश्वराच्या दर्शनाला गेला. रांग मोठी होती.

आता आमच्या तंबूची एक रीत सांगते, कारण सगळं तिच्यावर आलं.

तंबूतलं जनावर विकलं गेलं की चाचा त्याला तसंच धाडत नसत. आधी त्याला जत्रेत फिरवत. जिलबीवाला, बांगड्यांचा कासार, आरसे-फण्यांचा दुकानदार, सगळे वर्षानुवर्षं जत्रांमधून बरोबर फिरलेले. प्रत्येक जण जनावराच्या अंगावरून हात फिरवी, काहीतरी देई आणि म्हणे, जा, सुखी राहा. ही रीत चाचींनी घातली होती. अस्वल विकलं तेव्हा असंच फिरवलं. एक हरणाचं पाडस दिलं तेव्हाही. चाची म्हणत, आपल्याकडून गेलं ते उपाशी आणि अनाथ जाऊ नये.

चाचांनी ट्रंकेतून हिरवी ओढणी काढली. जरीचा काठ होता. चाचींची असावी.

"चाचा," मी म्हणाले, "तिनं आत्ताच खाल्लं."

"ठाऊक हाये."

"तुमीच सांगितलं होतं मले. खाल्ल्यावर हलवायचं नाई."

चाचा ओढणीची घडी उलगडत राहिले. "सांगितलं होतं, बाई. आन् ते खरं हाये. पन हे बी पाय ना. माही लाडो निघून राह्यली. मले तं ती दिसतई नाई. लोकायच्या तोंडून तरी ऐकू दे, कशी दिसते ते. हळू नेऊ. दोन दुकानं. लगेच परत."

"पेटीसकट नेऊ."

"नवरीले पेटीत घालून दाखवतेत काय कोनी?"

तोवर बाहेर माणसं जमली होती. कासार आला होता. मारोती स्वतःची पुंगी घेऊन आला होता, चेष्टा विसरून. सगळे वाट बघत होते. मी एकदा बोलले ते एवढंच. त्याहून मोठ्याने मला कधी बोलता आलं नव्हतं.

मान चाचांनी खांद्यावर घेतली. शेपटी मारोतीने धरली. मधला भार माझ्याकडे आला. म्हणजे पोट. दोन्ही हातांत मी ते तोलून धरलं होतं आणि आतला कोंबडा मला गाठीसारखा लागत होता.

दोन दुकानं म्हणता म्हणता अख्खी ओळ झाली. "चाचा, काय रूप आलं हो पोरीले!" "जशी तेल लावून बसली!" "कसं सोनं चमकून राह्यलं!" जिलबीवालीने तिच्या डोक्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. चाचा प्रत्येकाला विचारत, "डोळे कसे दिसतेत? डोळे सांगा." आणि प्रत्येक जण सांगे, "काचेसारखे, चाचा. लख्ख." ते ऐकताना चाचांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

आरशांच्या दुकानापाशी माझ्या हातातली गाठ हलली. शेपटीकडे जायला हवी, ती मानेकडे सरकली.

"चाचा, परत चला," मी म्हणाले.

या वेळी त्यांनी ऐकलं. लगेच वळले. आम्ही तिला पेटीत ठेवलं, गरम मडकं ठेवलं, झाकण लावलं. गाठ पुन्हा खाली गेल्यासारखी वाटली. मला वाटलं, राहील.

मॅनेजर दर्शन करून आला आणि दिवस कलायच्या आत आम्ही निघालो. नदी ओलांडून पलीकडे जायचं होतं. पात्रात तेव्हा पाणी कमी आणि वाळू फार. बंडीची चाकं वाळूत रुतत, मग बैल हिसका देत. पाण्यावरून गार वारा सुटला. मडकं निवालं होतं. मी पेटीला पाठ लावून बसले होते, म्हणून आवाज मला आधी आला. जुन्या भात्यातून हवा निघते तसा.

झाकण उघडलं. तिने मान वर धरली होती आणि जबडा उघडा होता. कोंबडा उलटा येत होता, पिसं विस्कटून, पाय पुढे. तो मोठा, जुना कोंबडा होता. मीच निवडला होता, मॅनेजरला लांबून नीट दिसावा म्हणून. त्याच्या पायाला मागे लांब नखी होती. गिळताना ती अंगाला चिकटून आत गेली होती. येताना ती आडवी आली.

"काय झालं?" चाचा विचारत होते. "बाई, बोल ना. काय झालं?"

"ओकून राह्यली, चाचा."

त्यांनी हात पुढे केला. मी तो बाजूला सारला नाही. त्यांनी तिचा गळा चाचपला आणि त्यांना नखी लागली. त्यांनी हात मागे घेतला नाही, नुसता तिथेच ठेवला.

कोंबडा शेवटी बाहेर पडला. त्याच्यामागोमाग तिच्या तोंडातून रक्त आलं. आम्ही बंडी पलीकडच्या काठाला थांबवली, शेकोटी केली, तिला शेकोटीजवळ तणशीवर ठेवलं. मॅनेजरने स्वतःची शाल दिली. सापाला मरायलाही वेळ लागतो. श्वास इतका लांबतो की आता संपला म्हणावं, तर पुन्हा एक येतो. चाचा तिच्या अंगावर हात ठेवून बसले होते आणि प्रत्येक श्वासाला म्हणत, "हाये. अजून हाये." उजाडताना त्यांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. मग मला विचारलं, "डोळे कसे हायेत?"

"साफ हायेत, चाचा."

सापाचे डोळे मिटत नाहीत. मिटायला पापणीच नसते. मी खोटं बोलले नव्हते.

वाळूत खड्डा केला. हिरव्या ओढणीत तिला गुंडाळलं. चाचांनी हात पुढे पसरून काही पुटपुटलं. मी माझ्याजवळचं जत्रेतलं हळदीकुंकू वर टाकलं. चाचा म्हणाले, "ते बी टाक. तिले दोनी चालते."

मॅनेजर लांब उभा होता. जवळ येऊन म्हणाला, "चाचा, मी तोंड वर करून बोलू शकत नाही. पण मी नोकर माणूस आहे. इसाराचा हिशेब मालक मलाच विचारणार."

"देईन," चाचा म्हणाले. "घाई करू नका, पन देईन. चूक तुमची नाई."

त्याने विचारलं नाही की मग कोणाची.

ऑपरेशनची गोष्ट त्यानंतर चाचांनी काढली नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत उजेड-अंधारही कळेना झाला. तंबूपुढे उभं राहून जनावर दाखवायचं, बोलायचं काम तोवर चाचाच करत, आता ते करायला कोणी नव्हतं. पहिल्या दिवशी मी पडद्याबाहेर आले आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. एक म्हातारा म्हणाला, "बाई मुकी हाये वाटते." चाचा मागून म्हणाले, "धामन दाखव आन् ती काय खाते ते सांग. तेवढंच सांग. बाकी नको." मी तेवढंच सांगितलं. मग रोज थोडं थोडं सांगत गेले. लोक दूध घेऊन आले की सांगे, साप दूध पीत नाही, त्याला पाणी द्या. कोणी ऐके, कोणी रागावून मारोतीकडे जाई.

लाडोची कात आम्ही दोरीवर टांगली होती. बायका पाळण्याला बांधायला तिचा तुकडा मागत. चाचा त्याचे पैसे घेत नसत. कात्रीने कापून फुकट देत. असं देता देता शेवटी तोंडाकडचा तुकडा उरला, डोळ्यांचा. तो त्यांनी कोणाला दिला नाही.

सर्कस दर एक-दोन वर्षांनी चांद्याला येई आणि आम्ही इसारातलं जमेल तेवढं नेऊन देत असू. शेवटच्या वेळी गेलो तेव्हा मॅनेजरचे केस पांढरे झाले होते. त्याने चाचांना हाताला धरून आत नेलं. म्हणाला, "चाचा, नवीन अजगर आला आहे. तुमच्या लाडोएवढा असेल. इथे पुढ्यातच आहे. हात लावून बघा ना."

चाचा खाली बसले. हात पुढे केला. बोटं त्याच्या अंगापासून वीतभर लांब राहिली असतील, तिथे थांबली.

"यानं खाल्लं कवा?" त्यांनी विचारलं.

मॅनेजरने नोकराकडे बघितलं. नोकर म्हणाला, "काल. ससा."

चाचांनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

लोक मला विचारतात, एवढी वर्षं सापांत काढलीस, शिकलीस काय? मी सांगते, खाल्लेल्या सापाला उचलू नये. प्रेमाने तर मुळीच नाही. एवढंच शिकले.

"दे बाई," चाचा म्हणाले.

मी पदराची गाठ सोडली आणि राहिलेले पैसे मॅनेजरच्या हातावर ठेवले. त्याने ते मोजले नाहीत. म्हणाला, "फिटले, चाचा. सगळे फिटले."